पिस्तुलाचा घोडा, जडत्व आणि मालकाची कुरकुर

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत चित्रपट अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली. गोळी दुसऱ्या कोणी झाडलेली नव्हती. ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटली होती. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून खाली पडले आणि गोळी सुटली, असे त्या वेळी सांगण्यात आले. ही बातमी वाचून पुष्कळांना प्रश्न पडला असेल, की चाप कोणी ओढलाच नाही तर गोळी सुटेल कशी?

त्या विशिष्ट रिव्हॉल्व्हरमध्ये काय घडले याची चौकशी करणे हे आपले काम नव्हे. परंतु पडलेल्या हत्याराचा बार उडू शकतो काय, हा प्रश्न सर्वस्वी पदार्थविज्ञानाचा आहे, आणि शाळेत शिकलेल्या जडत्वाच्या नियमावर त्याचे उत्तर मिळते. त्या उत्तराला एक शेपूटही आहे. असा बार उडू नये म्हणून कारागिरांनी दीडशे वर्षांत अनेक युक्त्या काढल्या. आणि जवळजवळ प्रत्येक युक्तीवर हत्यारांच्या मालकांनी नाके मुरडली. ती का मुरडली, हेही पाहण्यासारखे आहे.

प्रथम रचना समजावून घेऊ. काडतुसाच्या बुडाशी एक लहानशी टोपी असते. तिच्यातील मसाला ठोका बसताच पेटतो व त्याच्या ज्वाळेने आतील दारू पेटते. ठोका देणाऱ्या टोकदार भागाला पिन म्हणू. पिनेवर आपटणारा हातोडीसारखा भाग म्हणजे घोडा. आणि बोटाने ओढायचा तो चाप. चाप ओढला की अडकवून ठेवलेला घोडा सुटतो, स्प्रिंगेतील स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते आणि ठोका बसतो. टोपी पेटण्यास लागणारी ऊर्जा फारच थोडी, एका ज्यूलपेक्षाही कमी असते.

आता समजा, ७०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर कमरेच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.२ मीटरवरून पडले. वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार करा. उत्तर ८ ज्यूलच्या थोडे वर येईल. टोपीला लागते त्याच्या कितीतरी पट ही ऊर्जा झाली! जुन्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याची पिन थेट टोपीवर टेकलेली असे. असे हत्यार घोड्याच्या बाजूने फरशीवर आपटले, तर फरशीच हातोडीचे काम करी. १८७३ सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरे होती, पण जाणते लोक त्यात पाचच काडतुसे भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. सहाव्या गोळीवर पाणी सोडणे हीच त्या काळची सुरक्षितता.

यावर तोड निघाली ती फार सुंदर आहे. घोडा आणि पिन यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवायची आणि ती भरून काढणारी एक पोलादी पट्टी चापाला जोडायची. चाप ओढून धरला तरच पट्टी वर सरकते. घोड्याचा ठोका पट्टीला व पट्टीचा ठोका पिनेला बसतो. चाप ओढलेला नसेल तर घोडा नुसता चौकटीवर आपटतो. त्यावर घण घातला तरी ठोका पिनेपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत इव्हर जॉन्सन या कंपनीने १८९० च्या दशकातच ही युक्ती वापरली होती.

१९७३ मध्ये रुगर कंपनीने आपल्या जुन्या वळणाच्या रिव्हॉल्व्हरांत ही पट्टी बसवली आणि नवे नमुने बाजारात आणले. आता सहाही घरे भरता येत होती. मालक खूश व्हायला हवे होते, नाही का? पुष्कळांची तक्रार मात्र अशी, की चाप पूर्वीसारखा लागत नाही आणि घोडा मागे ओढताना येणारे ते ठरावीक 'कट्‌-कट्‌' आवाज गेले! पुढे १९८२ पासून कंपनीने विकलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांनाही ही पट्टी फुकट बसवून देण्याची सोय केली आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत देण्याचेही मान्य केले. तरीही अनेकांनी आपली हत्यारे पाठवली नाहीत. न बदललेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला शौकिनांत भाव अधिक येतो. आवाजाची तक्रार मला हास्यास्पद वाटत नाही. हातातल्या यंत्राशी माणसाची ओळख आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या जोरावरूनच होते. सायकलची साखळी सैल झाली हे आपण तरी कशावरून ओळखतो? परंतु ओळख मोडल्याची तक्रार वेगळी आणि युक्ती चुकीची असल्याची तक्रार वेगळी. रुगरच्या बाबतीत पहिलीच खरी होती.

स्वयंचलित पिस्तुलांची गोष्ट थोडी निराळी. ब्राउनिंगने आराखडा केलेले व १९११ मध्ये अमेरिकन लष्कराने स्वीकारलेले प्रसिद्ध पिस्तूल घ्या. त्याची पिन तिच्या बोगद्यापेक्षा आखूड आहे. घोडा टेकलेला असला तरी तिचे टोक टोपीपर्यंत पोचत नाही; घोड्याच्या ठोक्याने ती फेकली जाते, टोपीला लागते आणि स्प्रिंगेने मागे येते. पण हे पिस्तूल नळीच्या टोकावर आपटले तर? पिस्तूल थांबते, पिन मात्र जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहते. उंची पुरेशी असेल तर ती स्प्रिंगेला हरवून टोपीला गाठते.

१९८३ मध्ये कोल्टने या पिस्तुलात पिनेला आडवा येणारा एक खिळा बसवला. चाप ओढला की तो वर उचलला जातो. एरवी पिनेला वाट बंद. काम चोख, पण खिळा उचलणाऱ्या लहान तरफांचे घर्षण चापावर आले आणि अचूक नेम मारणाऱ्यांना ते बोटाला जाणवले. कित्येकांनी ते भाग चक्क काढून टाकले. पुढे कोल्टने खिळ्याविनाही पिस्तुले पुन्हा विकायला काढली. काहींनी दुसरी वाट धरली : पिन पोलादाऐवजी टायटॅनियमची करायची आणि स्प्रिंग जरा कडक घालायची. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, टायटॅनियमची ४.५ पट. पिन हलकी झाली की तितकीच ऊर्जा तिला मिळण्यासाठी पिस्तूल सुमारे पावणेदोन पट उंचीवरून पडावे लागते. येथे चापाला कोणी हातही लावला नाही, म्हणून कुरकुरही नाही. कॅलिफोर्निया राज्यात २००१ पासून विक्रीच्या पिस्तुलांसाठी पडण्याची चाचणी सक्तीची झाली. त्यात पिस्तूल १ मीटर १ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सहा निरनिराळ्या स्थितींत पाडतात.

पण सहा स्थिती म्हणजे सर्व स्थिती नव्हेत. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकन लष्कराने सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलावरून केलेला नमुना निवडला. त्याच वर्षी असे दिसून आले, की नागरिकांना विकलेले पी-३२० मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात पडले तर बार उडू शकतो. येथे गुन्हेगार पिन नव्हती, चाप होता! गणित करून पाहा. पडलेली वस्तू थांबताना होणारे मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट? पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतके सोपे आहे. १.२ मीटरवरून पडून वस्तू १ मिलिमीटरमध्ये थांबली, तर १,२०० पट. म्हणजे समजा १० ग्रॅमचा चाप असेल, तर त्या क्षणी तो १२ किलो वजनाचा असल्यासारखा वागेल. चाप ओढण्यास जोर लागतो साधारण अडीच किलोचा. पिस्तूल मागच्या बाजूवर पडते, देह थांबतो, चाप मागे जातच राहतो. जणू अदृश्य बोटाने तो ओढला. आता चाप २ ग्रॅमचा करा. जोर २.४ किलो, अडीचच्या आत. (खऱ्या पिस्तुलात कोन, तरफ आणि वेळ यांचाही हिशेब करावा लागतो, आपले आकडे केवळ उदाहरणाचे.) कंपनीचे म्हणणे होते की पिस्तूल प्रमाणित चाचण्यांत उतरले आहे, तरी ऑगस्ट २०१७ मध्ये तिने विनामूल्य सुधारणा जाहीर केली व तीत चाप हलका केला. या वेळी मालकांचा ओरडा उलट दिशेचा होता : ही सोय आधीच का केली नाही? त्या पिस्तुलाविषयीचे इतर वाद पुढेही चालू राहिले. त्यांत येथे शिरायला नको.

मालकांची तक्रार बरोबरही असू शकते. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या पिस्तुलांना, चुकून बार उडू नये म्हणून, अनेक वर्षे १२ पौंडांचा म्हणजे सुमारे ५.४ किलोचा चाप असे. भरलेले पिस्तूल जेमतेम ९०० ग्रॅमचे. वस्तूच्या वजनाच्या सहापट जोर एका बोटाने लावायचा आणि ती वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही! १६ सेंटिमीटर अंतरावरची माशी १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर नेम ६ सेंटिमीटर चुकतो. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीजवळ पोलिसांनी एका मारेकऱ्यावर झाडलेल्या गोळ्यांनी व त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा या जड चापावर टीका झाली. सारा दोष चापाचा म्हणता येणार नाही. तरीही एका बाजूचा धोका कमी करताना दुसऱ्या बाजूचा वाढवला, ही शंका रास्तच होती.

पिस्तूल आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिले असेल, आणि ते बरेच आहे. पण हीच कुरकुर बुलढाणा जिल्ह्यात आमच्या धाडच्या शिवारात दर हंगामाला ऐकू येते. सोयाबीन काढणीला आले की हडंबे, म्हणजे मळणीयंत्रे, घरघरू लागतात. पेंढी सरकवणाऱ्याचा हात ड्रममध्ये ओढला जाण्याचे अपघात देशभर इतके झाले, की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांविषयी केंद्र सरकारला कायदा करावा लागला. मळणीयंत्राच्या प्रमाणित नमुन्यात पेंढी सरकवण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब व त्यातली किमान ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून पाहा, म्हणजे हे ४५ कोठून आले असावेत ते कळेल. पण झाकणात माल अडकतो, हात आखडतो, यंत्र भाड्याने घेतलेले आणि ढग भरून आलेले. मग झाकण काढून बांधावर ठेवले जाते.

झाकणाचा त्रास दिवसातून हजार वेळा होतो, प्रत्येक पेंढीला होतो. झाकणामुळे टळलेला अपघात मात्र कधी दिसतच नाही; न तुटलेला हात कोणी मोजत नाही. पिस्तूलवाल्याचा खिळा आणि शेतकऱ्याचे झाकण, दोन्हींचा हिशेब असाच तोट्यात दिसतो. म्हणून माणसाला आठवणीने काही करायला लावणाऱ्या, किंवा प्रत्येक वेळी हाताला बोचणाऱ्या सोयी काढून टाकल्या जातात. आणि हलक्या पिनेसारख्या, मुकाट्याने काम करणाऱ्या सोयी टिकतात. माझ्या मते माल न अडकेल असे झाकण करणे हे अभियंत्याचेच काम आहे. 'शेतकरी ऐकत नाही' म्हणून ते सुटत नाही.

हे सारे तुम्हांला घरी तपासता येईल. बटण दाबून नीब आत-बाहेर करण्याचे जुने बॉलपेन घ्या. धातूची रिफिल असेल तर उत्तम. नीब आत ठेवा. जमिनीवर कोरा कागद पसरा, त्यावर कागदाची नळी उभी धरा आणि तिच्यातून पेन नीब खाली करून सोडा. प्रथम १० सेंटिमीटरवरून, मग २०, ३० असे वाढवत जा. एका उंचीला कागदावर शाईचा ठिपका उमटेल. पेन थांबले, रिफिल थांबली नाही. तीच आपली पिन. आता पेन उघडून स्प्रिंग हलकेच ओढून थोडी लांब करा व पुन्हा बसवा. ठिपका उमटण्याची उंची वाढेल. दोन्ही उंच्या वहीत टिपून ठेवा. मग ते कडक झालेले पेन, काही न सांगता, दिवसभर वापरायला शेजारच्या मित्राला द्या आणि संध्याकाळी तो काय म्हणतो तेही त्याच पानावर लिहा.