उंदराच्या छातीत डोकावताना

एमआरआय म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पांढरा बोगदा आणि ‘अजिबात हलू नका हं’ असं बजावून आत सरकवलेला पेशंट. आता त्याच्या जागी पंचवीस ग्रॅमचा उंदीर ठेवा. भूल देऊन त्याला निजवता येईल, पण त्याचं हृदय? जागेपणी मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके, भुलीत थोडे कमी. म्हणजे एक ठोका जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांचा आणि हृदयाची भिंत सुमारे एक मिलिमीटर जाड!

हा खटाटोप कशासाठी? हार्ट अटॅकवरचं नवं औषध माणसाआधी उंदरांवर तपासतात. हृदय कापून पाहायचं, तर पहिल्या, चौथ्या, आठव्या आठवड्यासाठी प्रत्येक वेळी वेगळे प्राणी मारावे लागतात. एमआरआयमध्ये तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो. सोनोग्राफी स्वस्त आणि झटपट खरी, पण तिथे बहुतेक वेळा एक-दोन छेदांवरून आकार गृहीत धरून आकारमान काढतात. अटॅकनंतर हृदय वेडंवाकडं फुगतं, तेव्हा हे गृहीतच कोसळतं. एमआरआय मात्र काकडीच्या चकत्यांसारखे छेद घेतो आणि बेरीज करतो.

आता फोटोची युक्ती. आमच्या बाळकुम नाक्यावर एक कॅमेरा लावलाय असं समजा. तो इतका मंद आहे, की एका वेळी फोटोची एकच ओळ टिपतो. सिग्नल हिरवा झाल्यावर बरोबर पाच सेकंदांनी पहिली ओळ, पुढच्या हिरव्यानंतर पाच सेकंदांनीच दुसरी. असे दीडशे हिरवे सिग्नल झाले, की त्या क्षणाचा फोटो पूर्ण. अट एकच, प्रत्येक वेळी ट्रॅफिक सारखाच हवा. भिवंडीकडून येणारे ट्रक ही अट कधी पाळणार नाहीत, हृदय मात्र बऱ्यापैकी पाळतं. एका ठोक्यात असे दहा-पंधरा क्षण टिपले, की सिनेमा तयार. फक्त या ओळी चित्राच्या नसतात, चित्राच्या फुरिअर ट्रान्सफॉर्मच्या असतात. एम-थ्रीच्या पेपरआधी ‘हे कुठे उपयोगी पडतं?’ म्हणणाऱ्यांनो, इथे!

इथला हिरवा सिग्नल म्हणजे ईसीजीमधलं आर-शिखर. खरी डोकेदुखी इथेच आहे. ग्रेडियंट कॉइल चालू-बंद होताना ईसीजीच्या वायरींत फॅरेडेच्या कृपेने व्होल्टेज उमटतं. शिवाय रक्त वाहक आहे, ते चुंबकीय क्षेत्रात वाहताना स्वतःच व्होल्टेज तयार करतं आणि टी-लाट फुगते. मी मिनी-प्रोजेक्टला साधा कंपॅरेटर लावून आर-शिखर पकडायला गेलो, तर त्याने टी-लाटही मोजली आणि माझे ठोके १४४ दाखवले. रूममेट डॉक्टरला बोलवायला निघाला होता! माझं हसण्यावारी गेलं. स्कॅनरमध्ये अशी चूक झाली, तर आकुंचनाच्या ओळी प्रसरणाच्या चित्रात मिसळतात, आकडा चुकतो, आणि निकामी औषध गुणकारी ठरू शकतं.

दुसरी अडचण आकाराची. माणसाच्या हृदयात दीड बाय दीड बाय आठ मिलिमीटरचा ठोकळा चालतो, म्हणजे १८ घन मिलिमीटर. उंदराला ०.१५ बाय ०.१५ बाय १ लागतो, म्हणजे सुमारे ०.०२. आठशे पटींनी लहान, तितकाच क्षीण सिग्नल! सरासरी घेऊन सिग्नल-नॉइज गुणोत्तर दुप्पट करायचं, तर वेळ चौपट. म्हणून इस्पितळातल्या दीड किंवा तीन टेस्लाऐवजी ७ किंवा ९.४ टेस्लाचं चुंबक आणि अंगाला चिकटून बसणारी छोटी कॉइल. ७ टेस्लाला प्रोटॉन सुमारे २९८ मेगाहर्ट्झवर बोलतो.

सगळं जमलं की हिशोब शाळेतला. डावी जवनिका भरलेली असताना समजा ५० मायक्रोलिटर, आकुंचनानंतर २०. दर ठोक्याला ३० बाहेर, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. ठोके ४५० असतील, तर मिनिटाला साडेतेरा मिलिलिटर. आपलं हृदय पाच लिटर ढकलतं.

एक गोष्ट विसरून चालत नाही. भुलीत उंदीर पटकन गार पडतो आणि ठोके मंदावतात. मग आपण आजार मोजतोय की थंडी? म्हणून गरम हवा सोडून त्याला ३७ अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्याकडे अशा कोणत्याही प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते. एकही उंदीर जास्त वापरायचा असेल, तर कारण द्यावं लागतं.

हल्ली काही ठिकाणी ईसीजीच्या वायरीच काढून टाकल्यात. फुरिअरचा मधला बिंदू सतत मोजत राहायचं. हृदय आणि श्वास हलले की तोही हलतो, आणि कोणती ओळ कोणत्या क्षणाची हे नंतर कॉम्प्युटर लावतो. माझ्या कंपॅरेटरचं मात्र अजून ठरलेलं नाही. कुणाकडे टी-लाटेवर इलाज असेल, तर रात्री मेसमध्ये भेटा.