नऊ वार : साडीचे की म्हणीचे?

अमेरिकी बोलीत ‘द होल नाइन यार्ड्‌स’ असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः ‘पुरते नऊ वार’. भावार्थ, हातचे काही न राखता सगळेच्या सगळे. नऊ वार म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरे काय आठवणार? काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी ठणकावून सांगितले, ‘हा आपल्या नऊवारी लुगड्यावरून गेला.’ टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, “पुरावा काय हो?” माझ्याकडे नव्हता. तेव्हा शोधाला लागलो.

दावेदार पुष्कळ निघाले. कोणी स्कॉटिश किल्टचे कापड सांगतो, कोणी काँक्रीटच्या ट्रकचे नऊ घनवार, तर कोणी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा २७ फुटी काडतूसपट्टा. पट्ट्याची कथा तारखेनेच पडते. फ्रेड शापिरो, बॉनी टेलर-ब्लेक यांच्यासारख्या अभ्यासकांच्या शोधांतून जुन्या वृत्तपत्रांतले दाखले पुढे आले आहेत. इंडियाना राज्यात १९०७ मध्ये ‘पुरते नऊ वार’ छापून आलेले आहे. केंटकीत १९१२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनात १९२१ मध्ये मात्र ‘पुरते सहा वार’!

इथे माझा मोह पुन्हा जागा झाला, कारण सहावारीही आपलीच. पण हे दाखले अमेरिकेतल्या छोट्या गावांतल्या पत्रांचे. त्यांत साडीचा मागमूस नाही. शिवाय मुळाशी ठरावीक मापाची वस्तू असती, तर आकडा असा बदलता ना.

कापडाचा एक धागा मात्र आहे. १८५५ मध्ये इंडियानाच्याच एका पत्रात न्यायाधीशाच्या सदऱ्याची विनोदी गोष्ट आली होती : तीन सदऱ्यांसाठीचे अख्खे नऊ वार कापड एकाच सदऱ्यात घातले! पण तिथे नऊ वार म्हणजे खरोखरीचे कापड. त्यानंतर ५२ वर्षांनी भेटणारा लाक्षणिक अर्थ यातूनच निघाला, असे म्हणता येत नाही.

माझा निष्कर्ष एवढाच : वार हे लांबीचे माप, आकडा केवळ ठसक्यासाठी, सहाचे नऊ बोलण्याच्या ओघात झाले असावेत.

अभिमानच हवा, तर ‘डंगरी’ आहे. सतराव्या शतकापासून इंग्रजीत नोंदलेला हा शब्द आपल्याकडच्या जाड्याभरड्या सुती कापडाचा. त्याला पुरावा आहे. त्या आजी पुन्हा भेटल्या, तर आता उत्तर देता येईल.