गिरिभ्रमणातील छायाचित्रकार

गिर्यारोहण मोहिमेचे वृत्त प्रसिद्ध होते तेव्हा त्यासोबत बहुधा एखादे छायाचित्र असते. बर्फाच्या धारेवरून ओळीने चाललेली माणसे, मागे शिखर आणि वर निळेभोर आकाश. वाचक ते पाहतो आणि पान उलटतो. ते टिपणारा माणूस त्या क्षणी कोठे उभा होता, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. चालणाऱ्यांचे चेहरे हवे असतील तर त्याला त्यांच्याआधी वर पोहोचावे लागते. संपूर्ण रांग दिसावयास हवी असेल तर मळलेली वाट सोडून शेजारच्या उतारावर चढावे लागते. आणि चित्र घेऊन झाले की पुढे गेलेल्या तुकडीला पुन्हा गाठावे लागते. जी चढण इतरांच्या वाट्याला एकदा येते ती त्याच्या वाट्याला दीडदा येते, आणि तीही यंत्राचे ओझे पाठीवर घेऊन. म्हणूनच या व्यवसायात शिरणाऱ्याने प्रथम गिर्यारोहक व नंतर छायाचित्रकार व्हावे, हे बरे.

हिमालयातील छायाचित्रणाला दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आला आणि १८६६ पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, तंबूत परत नेऊन ती धुवावयाची. हा सारा खटाटोप १८६६ मध्ये बोर्नने मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फूट उंचीवर केला. इतक्या उंचीवर छायाचित्र घेण्याचा त्याचा विक्रम पुढे वीस वर्षे अबाधित राहिला. चित्रांखाली नाव बोर्नचे आहे. तथापि काचांच्या पेट्या, द्रावणांच्या बाटल्या आणि तंबू वर नेणारे खांदे डोंगरी हमालांचे होते, हे विसरता येत नाही.

आजचा कॅमेरा तळहातावर मावतो. ओझे घटले, थंडी मात्र तीच राहिली. थंडीत विद्युत्घटातील रासायनिक क्रिया मंदावते व भरलेला घटही रिकामा असल्याप्रमाणे वागू लागतो. त्यामुळे जादा घट अंगातील कपड्यांच्या आत, छातीजवळ ठेवतात आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत घेतात. ऊब मिळताच त्यांतील बरीचशी शक्ती परत येते. दुसरा धोका तंबूच्या दाराशी असतो. बाहेर गारठलेला कॅमेरा उबदार तंबूत आणला की आतील बाष्प त्यावर दवाप्रमाणे जमते, काचांच्या आड शिरते आणि बाहेर नेताच गोठते. यावर उपाय अगदी साधा आहे. बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि आत आल्यावर तो पुरता निवळेपर्यंत पिशवी उघडू नये. सह्याद्रीत अडचण वेगळी. तेथे पावसाळ्यातील दमटपणामुळे भिंगांवर बुरशी चढते. भिंगांच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्यास दिवाळीत ती स्वच्छ करून घेण्याचा खर्च सोसावा लागतो.

बर्फ छायाचित्रकारास आणखी एका प्रकारे फसविते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरेशुभ्र बर्फ चित्रात राखाडी उतरते आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. अशा वेळी यंत्राने सुचविलेल्यापेक्षा दुप्पट, प्रसंगी चौपट प्रकाश आत घ्यावा लागतो.

उंचीचे गणित याहून कठोर आहे. सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. साधारणतः ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. चांगल्या उजेडाच्या मोहापायी पुढे धावणारा छायाचित्रकार हा संकेत सर्वांआधी मोडतो आणि डोकेदुखी, ओकारी यांकडे दुर्लक्ष करतो. डोळा कॅमेऱ्यास लावलेला असताना पाऊल टाकू नये, हा दुसरा नियम. पाऊल टाकावयाचे असेल तर कॅमेरा खाली घ्यावा.

कॅमेरा केव्हा बाजूला ठेवावा, याचे उदाहरण १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर घडले. अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशर्स यांची तुकडी मोठ्या पडद्याच्या आयमॅक्स चित्रपटासाठी तेथे गेली होती. त्या अवजड कॅमेऱ्यातील एक रीळ सुमारे दीड मिनिटातच संपत असे. १० मे रोजी वादळ उठले आणि अन्य तुकड्यांतील आठ जण मृत्युमुखी पडले. ब्रेशर्स यांच्या तुकडीने चित्रीकरण थांबविले, वरच्या तळावरील स्वतःचे प्राणवायूचे नळकांडे संकटात सापडलेल्यांसाठी मोकळे केले आणि हिमदंशाने ग्रासलेल्या गिर्यारोहकास खाली आणण्यास हात लावला. एवढ्या साठ्याविना स्वतःची मोहीमच फसण्याची शक्यता होती. पुढे २३ मे रोजी ती तुकडी शिखरावर पोहोचली आणि १९९८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

पर्वतावरील छायाचित्र हा पुरावाही असतो. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसे झालेले मॅलरी व अर्विन शिखरावर पोहोचले होते किंवा नाही, हा वाद त्यांच्याजवळच्या लहानशा कॅमेऱ्याभोवती फिरत राहिला आहे. १९९९ मध्ये मॅलरी यांचे शव सापडले, परंतु कॅमेरा मिळाला नाही. २९ मे १९५३ रोजी हिलरी यांनी शिखरावर तेनसिंग यांचे चित्र घेतले. एवढ्यावर न थांबता शिखरावरून खाली उतरणाऱ्या धारांचीही चित्रे त्यांनी घेतली, कारण तसे दृश्य माथ्यावरूनच दिसू शकते. शिखरावरील हिलरी यांचे स्वतःचे चित्र मात्र नाही. याच्या उलट, २०१६ साली महाराष्ट्रातील एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा करून जी छायाचित्रे पुढे केली, ती दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या चित्रांत फेरफार करून बनविलेली असल्याचे उघड झाले. नेपाळ सरकारने त्यांची प्रमाणपत्रे रद्द केली व त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली.

या कामाची आवड असणाऱ्या तरुणांनी दार्जिलिंग येथील १९५४ साली स्थापन झालेल्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये अथवा उत्तरकाशी येथील १९६५ च्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा. दोर, कुऱ्हाड व बर्फावरील चाल यांची सवय झाल्यावाचून कॅमेरा बरोबर नेण्यात अर्थ नाही. सीमेलगतच्या प्रदेशात प्रवेशाचे परवाने लागतात, लष्करी ठाणी व पूल यांची चित्रे घेता येत नाहीत, आणि ड्रोन उडविण्यापूर्वी त्या जागी परवानगी आहे की नाही हे तपासावे लागते. उत्पन्नाचे म्हणावे तर ते हंगामी असते. पुष्कळ जण मोहिमांसोबत वाटाड्याचे अथवा शिक्षकाचेही काम करतात.

घेतलेल्या प्रत्येक चित्रासोबत दिनांक, स्थळ व दिशा यांची नोंद ठेवण्याची शिस्त काही जणांना जाचक वाटते. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत रोंगबुक हिमनदीची छायाचित्रे घेतली गेली. ती कोठून घेतली हे निश्चित करता आल्यामुळे २००७ मध्ये ब्रेशर्स यांना त्याच जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपता आले. दोन चित्रे शेजारी ठेवली तेव्हा मधल्या काळात हिमनदीची पातळी सुमारे १०० मीटरने खाली गेल्याचे दिसून आले.