खनिज प्रदर्शनातल्या स्वयंसेवकांसाठी

● टूसॉन : अमेरिकेतल्या अॅरिझोनामधील हे नामांकित खनिज प्रदर्शन १९५५मध्ये एका प्राथमिक शाळेत सुरू झाले. आता ते दर फेब्रुवारीत भरते.

● महाराष्ट्राचा ठसा : दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत वाढलेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना प्रिय आहेत.

● मुलांना दाखवा : क्वार्ट्झ (काठिण्य ७) काचेवर ओरखडा काढतो. कॅल्साइट (काठिण्य ३) काढत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच मात्र फसफसतो.

● हाताळणी : या कसोट्या फक्त सरावाच्या तुकड्यांवर घ्या. स्टिल्बाइटसारख्या नाजूक झिओलाइट स्फटिकांना न धरता खालच्या खडकाला धरून नमुना उचला.

● नमुन्यासोबतची चिठ्ठी जपा : खनिजाचे नाव पुन्हा ओळखता येते, पण ते सापडल्याचे स्थळ चिठ्ठीसोबत हरवले तर सहसा पुन्हा कळत नाही. स्थळाविना नमुन्याचे शास्त्रीय मोल घटते.