घरातले बोलणे, शेतातले बोलणे



खते, बियाणे, कीड-रोग हे आपले नेहमीचे विषय. आज घरात आणि बांधावर आपण एकमेकांशी कसे बोलतो, त्याकडे थोडे पाहू. शेतीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. फार जवळचा आहे.

आपल्या मराठीत बोलणारा पुरुष की बाई, हे क्रियापदच सांगून टाकते. 'मी पेरतो' म्हटले की पुरुष, 'मी पेरते' म्हटले की बाई. (कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि इतर भागांतले लोक हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही.) 'आम्ही पेरतो' म्हटले की मात्र हा भेद उरत नाही. आणि गंमत अशी, की शेतीच्या कामाविषयी बोलताना आपल्या मायबहिणी 'मी' म्हणायचे शक्यतो टाळतातच. बी निवडणार त्या, खुरपणार त्या, वेचणार त्या, विचारले की उत्तर येते, "आमचं आपलं काय, ह्यांना विचारा." फार झाले तर "मी जरा मदत करते."

पण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे खूप असते. खुरपताना वाकलेल्या बाईला पान एक हातावरून दिसते, बांधावरून चालणाऱ्याला नाही. ती घरी येऊन म्हणते, "औंदा पानं जरा कशीशीच दिसत्यात." घरधन्याला ही कुरकुर वाटते आणि तो चहा मागतो. कारभारी, तिथेच थांबा आणि विचारा : कोणत्या पट्ट्यात? खालची पाने की शेंड्याची? खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची. बाईने 'कशीशीच' म्हटले म्हणून तिला नक्की माहीत नाही असे धरू नका. ठासून बोलायची तिला सवय लावलेली नाही, एवढेच. चारचौघांत बाया बोलत नाहीत हे ओळखूनच ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात केली आहे. घरात मात्र असा कायदा नाही.

वयाची गोष्ट थोडी निराळी. आजोबा नक्षत्रावर बोलतात, नातू मिलिमीटरवर. आजोबांचे मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते, त्यानंतर दोन आठवड्यांनी आर्द्रा. नातू मोबाईल पाहून सांगतो, पाऊस ४० मिलिमीटर झाला. दोघे एकमेकांना वेड्यात काढतात. खरे तर एक जण तारीख सांगतो आहे, दुसरा ओल. मृग लागले म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पावसाच्या आधीच पेरले, तर दुबार पेरणीची पाळी येते. आणि दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. जमिनीच्या मापाचा वाद त्याहून फुकाचा. आजोबांचा गुंठा १०८९ चौरस फुटांचा, नातवाचा आर सुमारे १०७६. पायलीचे मात्र विचारून घ्यावे लागते, कारण ती गावोगाव बदलते.

आता सूनबाई. तिच्याकडे वयही कमी आणि ती बाईमाणूस. सासरे ओसरीवर असले की ती हळू बोलते, तेही सासूबाईंच्या मार्फत. पण घरात सगळ्यांत जास्त शिकलेली बहुधा तीच असते. आणि एका शब्दापायी तिचे शिक्षण उपयोगी पडायला हवे, तो शब्द म्हणजे 'औषध'. जुन्या माणसांच्या तोंडी खोकल्याचेही औषध आणि कपाशीवर मारायचेही औषधच. मग बाटली फडताळात डब्यांशेजारी राहते आणि हातानेच ढवळली जाते. ते विष आहे. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे, बरं का!

पंप पाठीला लावण्यापूर्वी बाटलीवरचा मजकूर सूनबाईंकडून मोठ्याने वाचून घ्या. सासऱ्यांसमोर ती संकोचेल. तेव्हा "वाच गं पोरी" असे सासऱ्यांनीच म्हणावे.