येझदी घेताना आधी चासी

समुद्रकाठच्या नागावच्या एखाद्या वाडीत, नारळी-पोफळींच्या सावलीला उभी असलेली जुनी येझदी मोटरसायकल विकायला निघाली की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, 'चालू आहे का?' माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९७३ ते १९९६ या काळात बनलेल्या या टू-स्ट्रोक गाड्यांचं २५० सीसीचं इंजिन उघडायला सोपं: ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट. पिस्टन जाम असेल तर हेड आणि सिलिंडर उतरवला की दुखणं समोर दिसतं. झिजलेला सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो. खाऱ्या वाऱ्याने पोखरलेल्या चासीला मात्र असा उपाय नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि पुळणीवर फिरवलेल्या गाडीत खारी वाळू बॅटरीच्या पेटीखाली, स्टँडच्या जोडापाशी, मडगार्डच्या आतल्या बाजूला साचते. तिथला पत्रा वरून रंगवलेला असला तरी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. निरोगी लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. टाकीवर लोहचुंबक फिरवावा; तो जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. नुकत्याच रंगवलेल्या गाडीची म्हणूनच जास्त कसून तपासणी व्हायला हवी.

यावर कुणी म्हणेल, बंद इंजिनात क्रँकच गेला असेल तर? शंका रास्त आहे, खर्चही मोठा आहे. पण चालू इंजिन तरी कुठे हमी देतं? क्रँकचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. गाडी सुरू होते, पण तापल्यावरही धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. शिवाय क्रँकचा खर्च आधी विचारून किमतीतून वजा करता येतो. दुसरं इंजिन बसवून टाकणं हा स्वस्त मार्ग वाटतो, पण २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करायची तर तिच्या चासीत वा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. त्यामुळे आरसी बुकातल्या नंबराचं बंद इंजिन मला परक्या चालू इंजिनापेक्षा मोलाचं वाटतं. चासी आणि इंजिन, दोन्हींचे नंबर बुकाशी ताडून पाहावेत, चासीवरचे आकडे घासून पुन्हा ठोकलेले दिसले तर भाव कितीही उतरला तरी गाडी सोडावी. ते जुळले, पत्राही शाबूत निघाला, की मग खुशाल किक मारावी.