चक्कर महिनोन्‌महिने का टिकते? कान, काळजी आणि गोळ्या

"डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मला चक्कर येते कशामुळे?"

हा प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा मेंदूचा एमआरआय असतो, मानेचा एक्स-रे असतो आणि दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. पहिल्या चिठ्ठीत पाच-सात दिवसांसाठी लिहून दिलेली चक्कर थांबवणारी गोळी अनेक जण सहा-आठ महिने घेत असतात. बंद केली तर पुन्हा घर फिरेल, ही भीती.

आधी 'चक्कर' म्हणजे नेमके काय होते ते पाहू. मराठीत आपण बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतो. कुशीवर वळताना काही सेकंद खोली गरगर फिरते, तेव्हा दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो. अंथरुणातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा रक्तदाब तपासावा लागतो. तिसरा प्रकार सांगायलाच अवघड असतो. गरगर नसते, पण डोके हलके वाटते, बोटीत उभे असल्यासारखे डोलल्यासारखे होते, गादीवरून चालतोय असे वाटते. हे जवळजवळ रोज आणि तासन्‌तास चालते. या लेखात मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलू.

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर सांभाळला जातो: कानाच्या आतले तोलाचे अवयव, डोळे, आणि पाय व सांध्यांतून येणाऱ्या संवेदना. समजा, कानातल्या तोलाच्या नसेला सूज आली आणि दोन दिवस जोरात गरगरले. मेंदू लगेच सावध होतो. तो कानावर कमी आणि डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवतो, मानेचे आणि पायांचे स्नायू ताठ करतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून आपण जसे चालतो, तसेच. काही आठवड्यांत कान सावरतो. बहुतेकांचा मेंदूही ही सावध चाल सोडून देतो. काहींचा सोडत नाही. फरशी कोरडी झाली तरी पाय जपूनच पडत राहतात, आणि ही सततची राखणच चक्कर म्हणून जाणवते.

या आजाराला 'पर्सिस्टंट पोश्चरल परसेप्च्युअल डिझिनेस', थोडक्यात पीपीपीडी म्हणतात. 2017 मध्ये बाराणी सोसायटी या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचे निकष ठरवले. त्रास तीन महिने किंवा अधिक, बहुतेक दिवस असतो. उभे राहिल्यावर, हालचाल केल्यावर आणि डोळ्यांपुढे गजबज असली की तो वाढतो. सुपरमार्केटमधल्या मालाच्या रांगा, समोरून धडधडत जाणारी लोकल, मोबाईलवर भराभर सरकणारा मजकूर, ही नेहमीची उदाहरणे. एमआरआय नॉर्मल येतो, कारण बिघाड मेंदूच्या रचनेत नसून कामाच्या पद्धतीत असतो.

इथे काळजीचा संबंध येतो. तोल सांभाळणारी आणि भीती हाताळणारी मेंदूतली केंद्रे एकमेकांशी जोडलेली आहेत. चक्कर आली की भीती वाटणे स्वाभाविक आहे. भीती वाटली की माणूस स्वतःकडे सारखे लक्ष ठेवतो आणि सावध चाल आणखी पक्की होते. शिवाय घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोके हलके होते. ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात. कधी चक्कर आधी असते आणि काळजी नंतर येते, तर कधी पॅनिक अटॅकपासूनच सगळे सुरू होते. म्हणून "तुम्हाला काही नाही, सगळे मनाचे आहे" हे वाक्य मला चुकीचे वाटते. ते ऐकून रुग्ण आणखी एक एमआरआय करायला निघतो.

जाता जाता, मानेबद्दल. चाळिशीनंतर अनेकांच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडीफार झीज दिसतेच. चक्करेचे खापर तिच्यावर फोडून महिनोन्‌महिने पट्टा लावला, तर मान आखडते आणि सुधारणा लांबते. 'पित्ताची चक्कर' समजूनही बरेच दिवस वाया जातात.

आता गोळ्या. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधे गरगर आणि उलट्या जोरात असताना उपयोगी पडतात, पण ती काही दिवसांपुरतीच. ती तोलाच्या यंत्रणेला मंद करतात आणि मेंदूला नव्याने जुळवून घ्यायला वेळ लागतो. ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वयस्कर माणसांमध्ये, हात थरथरणे, चाल मंदावणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात. क्लोनाझेपामने तात्पुरते शांत वाटते, पण त्यानेही हे जुळवून घेणे मंदावते, तोल बिघडतो आणि सवय लागते.

रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब घसरतो. झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर उत्तर तिथे असू शकते. ही साधी तपासणी अनेक जाड फाईलींमध्ये सापडत नाही. मधुमेहाच्या काही औषधांनी साखर उतरूनही चक्कर येते.

काळजीवर दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांची गंमत वेगळीच आहे. पीपीपीडीवर त्या उपयोगी ठरतात, पण सुरुवातीचे एक-दोन आठवडे त्यांनीच चक्कर वाढू शकते. पाकिटातल्या कागदावर 'चक्कर' वाचून चौथ्या दिवशी गोळी सोडणारे अनेक भेटतात. म्हणून सुरुवात कमी मात्रेने करतात, आणि फायदा दिसायला बऱ्याचदा 8 ते 12 आठवडे लागतात. उलट, बरे वाटले म्हणून ही औषधे एकदम बंद केली तरी चक्कर येते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये हे जास्त दिसते. क्लोनाझेपाम तर अचानक थांबवल्यास झटकेही येऊ शकतात. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. मात्रा कशी उतरवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

उपचाराचा कणा मात्र व्यायाम आहे. अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवणे, भिंतीचा आधार न घेता चालणे, मग हळूहळू गर्दीत जाणे. फिजिओथेरपिस्ट हे टप्प्याटप्प्याने शिकवतात. व्यायाम करताना सुरुवातीला थोडी चक्कर वाढणे अपेक्षितच आहे. ते बिघडल्याचे लक्षण नाही. भीतीने घर धरून बसलेल्यांना समुपदेशनाची जोड दिली तर फरक लवकर पडतो.

चक्कर अचानक आली आणि सोबत बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हात-पाय लुळा पडणे, अजिबात उभे राहता न येणे किंवा कधी नव्हती अशी डोकेदुखी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. छातीत दुखून शुद्ध हरपली किंवा एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तरी थांबू नका.

बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाताना एक कागद सोबत न्यावा. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, काढे आणि झोपेचे औषधही, कोणत्या महिन्यात सुरू झाली, कधी मात्रा बदलली, कधी बंद केली. आणि शेजारी चक्कर कधी सुरू झाली ती तारीख.